जुन्या काँक्रीटची खडी नव्या काँक्रीटमध्ये : सीमाभागातील नवोदितांसाठी मार्गदर्शक

बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, खानापूर अशा आपल्या सीमाभागातील गावांत जुन्या घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती उभ्या राहत आहेत. पाडकामातून निघणारा राडारोडा मात्र बहुतेक वेळा एखाद्या नाल्याच्या काठी, पडीक रानात किंवा रस्त्याकडेच्या खड्ड्यात रिकामा केला जातो. त्याच वेळी नव्या कामासाठी लागणारी काळ्या दगडाची खडी खाणीत सुरुंग लावून काढली जाते, क्रशरवर फोडली जाते आणि टिपरने गावात येते. या राडारोड्यातील काँक्रीट वेगळे काढून त्याची खडी नव्या काँक्रीटमध्ये वापरता येईल काय, असे नव्याने कंत्राट घेणारे, साइटवर नुकतेच रुजू झालेले इंजिनिअर आणि रेडी मिक्सचा किंवा पेव्हर ब्लॉकचा धंदा सुरू करणारे विचारत असतात. वापरता येते, आणि भारतीय मानकाचीही त्याला मुभा आहे. पण या खडीचा दर्जा क्रशरवर ठरत नाही. तो पाडकामाच्या जागी, माल वेगळा करताना ठरतो आणि त्यानंतर मिक्सरजवळ पाणी मोजताना टिकतो किंवा बिघडतो. म्हणून या लेखात यंत्रांपेक्षा त्या दोन गोष्टींवर अधिक लिहिले आहे.

पहिली पायरी : कोणती खडी, कोणत्या कामाला

आयएस ३८३ या खडी-वाळूच्या मानकाची २०१६ मध्ये तिसरी सुधारणा झाली. तिच्यात नैसर्गिक खडीबरोबर कृत्रिम खडीलाही प्रथमच स्पष्ट स्थान मिळाले. राडारोड्यापासून मिळणाऱ्या खडीचे त्यात दोन प्रकार केले आहेत आणि नवशिक्याने ते कधीही एकत्र समजू नयेत. पहिला प्रकार निव्वळ जुन्या काँक्रीटपासून फोडलेल्या खडीचा. तिला या लेखात ‘काँक्रीटची खडी’ म्हटले आहे. दुसरा प्रकार विटा, गिलावा, फरशी, दगड, काँक्रीट असे सगळे मिसळलेल्या मालापासून केलेल्या खडीचा. तिला ‘मिश्र खडी’ म्हणू.

मिश्र खडीचा निकाल सरळ आहे. ती एम-१५ (म्हणजे २८ दिवसांनी प्रति चौरस मिमी १५ न्यूटन सामर्थ्य) पेक्षा कमी दर्जाच्या हलक्या काँक्रीटमध्ये, म्हणजे पायाखाली घालतात त्या बिनसळईच्या थरात (पीसीसी) किंवा भरावावरच्या थरात, शंभर टक्के चालते. त्याहून वरच्या कोणत्याही काँक्रीटमध्ये, सळई असो वा नसो, ती अजिबात चालत नाही. काँक्रीटच्या खडीला अधिक मोकळीक आहे. हलक्या काँक्रीटमध्ये ती शंभर टक्के, बिनसळईच्या साध्या काँक्रीटमध्ये एकूण जाड खडीच्या २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत वापरता येते, पण सळईच्या कामात केवळ एम-२५ पर्यंतच. एका बांधकामात जाड खडीसाठी एकाच प्रकारची कृत्रिम खडी वापरावी, असेही मानक सांगते. म्हणजे काँक्रीटची खडी थोडी आणि लोखंडी भट्टीच्या मळीची खडी थोडी, असा संकर करता येत नाही.

इथे आपल्या भागापुरता एक मुद्दा जोडणे आवश्यक आहे, कारण तो मानकाच्या तक्त्यात थेट दिसत नाही. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या मानकात काँक्रीट कोणत्या हवामानाला तोंड देणार, त्यानुसार किमान दर्जा ठरवला आहे. जोरदार पावसात उघडे राहणारे किंवा वारंवार भिजणारे-सुकणारे सळईचे काँक्रीट ‘तीव्र’ गटात मोडते आणि तिथे किमान एम-३० व पाणी-सिमेंट प्रमाण (पाण्याचे वजन भागिले सिमेंटचे वजन) जास्तीत जास्त ०.४५ ठेवावे लागते. खानापूर तालुक्याचा पश्चिम भाग, जांबोटी, कणकुंबी इकडचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. तिथल्या उघड्या कॉलमला, पुलाच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीच्या पायांना एम-३० लागणार आणि सळईच्या काँक्रीटमध्ये या खडीची मर्यादा एम-२५ असल्याने ती तिथून आपोआप बाद होणार. अथणी, रायबाग या कोरड्या पट्ट्यात तेच काम ‘मध्यम’ गटात बसू शकते आणि एम-२५ पुरतो. तेव्हा एकाच जिल्ह्यात एका तालुक्याला जे चालते ते दुसऱ्याला चालेलच असे नाही.

नवख्या माणसाने सुरुवात स्लॅबपासून करू नये, हे मी मुद्दाम सांगतो. मानकाने परवानगी दिली आहे म्हणून पहिल्याच कामाला घरमालकाच्या स्लॅबमध्ये वीस टक्के खडी घालणे हा उतावीळपणा आहे. आधी पायाखालची पीसीसी, मग कंपाउंडच्या आतील वाट, गटाराच्या कडेचा कर्ब, आणि हातात काही महिन्यांच्या चाचण्यांचे निकाल जमले की मगच सळईचे काम, तेही इमारतीचे काम असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या लेखी संमतीने.

दुसरी पायरी : पाडकामाच्या जागी माल वेगळा करणे

बेळगावच्या शहापूर-वडगावातील किंवा निपाणीच्या जुन्या पेठेतील साठ-सत्तर वर्षांचे घर पाडले, तर त्यातून काय निघते ते पाहावे. मातीच्या किंवा चुन्याच्या जोडाईच्या भिंती, जांभ्याचे चिरे, भाजक्या विटा, मंगळुरी कौले, शहाबादी फरशी, लाकडी तुळया आणि कुठेतरी मागाहून घातलेला एखादा आरसीसी छज्जा. अशा घरातून काँक्रीटची खडी मिळेल अशी आशा धरू नये. मिळाली तर मिश्र खडी. याउलट गेल्या तीस-चाळीस वर्षांतील आरसीसी इमारत, उखडलेला काँक्रीट रस्ता, जुना पूल, बदललेले कर्ब, रेडी मिक्स प्लांटवर परत आलेला आणि आवारात घट्ट झालेला माल, ही खरी ठिकाणे आहेत. सर्वांत उत्तम आणि सर्वांत दुर्लक्षित माल म्हणजे चाचणी होऊन फुटलेले क्यूब, म्हणजे सामर्थ्य तपासण्यासाठी भरलेले काँक्रीटचे ठोकळे. प्रयोगशाळांच्या आणि प्लांटच्या मागच्या बाजूला त्यांचे ढीग पडलेले असतात. त्यांत सळई नसते, माती नसते आणि नोंदवही नीट ठेवलेली असेल तर प्रत्येक क्यूबचा दर्जाही माहीत असतो. नव्याने शिकणाऱ्याने पहिली चाचणी शक्यतो याच मालावर करावी.

इमारत पाडायची असेल तर क्रम उलट्या बाजूने ठरवावा, म्हणजे काँक्रीट सोडून बाकीचे सर्व आधी बाहेर काढावे. दारे-खिडक्या, वायरिंग, पाइप, प्लॅस्टिकच्या टाक्या, पीओपीचे छत, टाइल्स ही क्रमाने उतरवावीत आणि मग विटांच्या भिंती पाडून उचलून न्याव्यात. शेवटी उभा राहतो तो कॉलम-बीम-स्लॅबचा सांगाडा. तो ब्रेकरने फोडून वेगळा ढीग करावा. जेसीबीवाल्याला हे पटवून देणे कठीण जाते, कारण त्याला तासावर पैसे मिळतात आणि सगळे एकदम ढकलून देणे त्याला सोपे वाटते. म्हणून पाडकामाच्या कराराच्या कागदावरच ‘काँक्रीट स्वतंत्र ढिगात’ असे लिहून घ्यावे आणि दर त्याप्रमाणे ठरवावा.

काही वस्तूंबाबत मात्र कोणतीही तडजोड करू नये. पीओपी म्हणजे जिप्सम, आणि जिप्सम म्हणजे सल्फेट. त्याचे तुकडे खडीत गेले तर सिमेंटशी त्याची प्रक्रिया होऊन काँक्रीट फुगते व तडकते. जुन्या गोदामांच्या, गिरण्यांच्या छपरांवरचे सिमेंटचे पत्रे अॅस्बेस्टॉसचे असण्याची शक्यता असते. ते न फोडता, भिजवून, अखंड उतरवावेत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडे द्यावेत आणि क्रशरच्या जवळही नेऊ नयेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे. कीटकनाशके, खते किंवा रसायने साठवलेल्या गोदामाचा तळ आणि मिठाच्या गोदामाची फरशी हीदेखील सोडून द्यावी. तिथल्या काँक्रीटमध्ये काय मुरले आहे ते डोळ्यांना दिसत नाही आणि क्लोराइड असेल तर ते नव्या सळईला गंजवते.

जांभ्याविषयी स्वतंत्र सांगायला हवे, कारण आपल्याकडे तो सर्वत्र आहे. खानापूर, चंदगड, बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत पाया जांभ्याचा आणि वर आरसीसी अशी मिश्र बांधणी नेहमीची आहे. जांभ्याचे फुटलेले तुकडे सिमेंटच्या धुळीने माखले की काँक्रीटच्या तुकड्यांसारखेच राखी दिसतात. एका कामावर असा ढीग काँक्रीटचा म्हणून आला होता. त्यावर पाइपने पाणी मारताच धूळ उतरली आणि निम्मे तुकडे तांबडे, जाळीदार निघाले. जांभा पाणी भरपूर पितो आणि दाबाखाली लवकर चुरतो. त्यामुळे ढीग विकत घेण्याआधी त्यावर पाणी मारून पाहणे ही फुकट आणि खात्रीची पहिली तपासणी आहे.

तिसरी पायरी : फोडणे आणि चाळणे

हा भाग थोडक्यात सांगता येतो. मोठे तुकडे ब्रेकरने क्रशरच्या तोंडात मावतील एवढे करावेत, बाहेर आलेल्या सळ्या गॅसकटरने कापाव्यात, जॉ क्रशरमधून पहिली फोड काढावी, पट्ट्यावर चुंबक बसवून उरलेले लोखंड ओढून घ्यावे आणि शक्य असल्यास इम्पॅक्ट क्रशरमधून दुसरी फोड काढावी. दुसऱ्या फोडीत दगडाला चिकटलेले जुने मॉर्टर बरेचसे सुटते आणि खडीचा आकारही चौकोनी होतो. त्यानंतर २० मिमी, १० मिमी आणि ४.७५ मिमीच्या चाळण्यांवर माल वेगळा करावा. आपल्याकडील काळ्या दगडाचे क्रशरवाले सळईच्या भीतीने असा माल घ्यायला सहसा तयार होत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. जबड्यात अडकलेली एक सळई त्यांचा अख्खा दिवस घालवते. लोखंड पूर्ण काढलेला माल दाखवला, तर बोलणी होऊ शकतात. ज्या क्रशरकडे राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती आहे, त्याच्याकडेच माल द्यावा आणि फोडताना पाण्याचे फवारे चालू आहेत हे पाहावे.

४.७५ मिमीखालचा बारीक चुरा मानकाप्रमाणे वाळूच्या जागी ठरावीक मर्यादेत चालतो, पण नवशिक्याने तो काँक्रीटमध्ये घालू नये असे माझे मत आहे. जुने सिमेंट सर्वाधिक त्या चुऱ्यातच जमा झालेले असते, त्याची पाण्याची भूक मोठी असते आणि ती दर ढिगाला बदलते. तो चुरा जोत्याच्या भरावात किंवा शेतरस्त्याच्या थरात मुरमाबरोबर वापरावा.

तयार खडीचा ढीग मातीवर ओतू नये. बेळगावची तांबडी आणि चिक्कोडी-अथणीकडची काळी माती, दोन्ही खडीला चिकटतात आणि लोडरच्या बकेटमधून थेट मिक्सरमध्ये जातात. खाली कोबा करावा, पाण्याला उतार द्यावा आणि ढिगापाशी स्रोत व तारीख लिहिलेली पाटी लावावी.

चौथी पायरी : प्रयोगशाळेतून खडीची ओळख करून घेणे

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ बेळगावातच असल्याने आणि परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये अनेक असल्याने खडीच्या चाचणीसाठी लांब जावे लागत नाही. नमुना मात्र आपण नीट द्यायला हवा. ढिगाच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातून थोडा थोडा माल घ्यावा, एकत्र करून गोल पसरावा, त्याचे चार भाग करावेत, समोरासमोरचे दोन ठेवून दोन काढून टाकावेत आणि पिशवीत मावेल एवढा राहीपर्यंत हेच पुन्हा करावे. केवळ वरची स्वच्छ खडी पिशवीत भरून नेणे म्हणजे स्वतःलाच फसवणे होय.

आयएस २३८६ च्या निरनिराळ्या भागांत दिलेल्या चाचण्यांपैकी पाच-सहा अनिवार्य समजाव्यात. चाळणी विश्लेषण, आकार, विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेत जडपणा) व पाणी शोषण, आघात मूल्य (ठोक्यांनी खडी किती चुरते) आणि लॉस एंजलिस झीज (फिरत्या पिंपात लोखंडी गोळ्यांबरोबर खडी किती झिजते) यांचे निकाल प्रत्येक नव्या ढिगासाठी हवेत; सल्फेट, क्लोराइड आणि अल्कली यांची रासायनिक तपासणी प्रत्येक नव्या स्रोतासाठी हवी. आघात मूल्य हे झीज सोसणाऱ्या पृष्ठभागासाठी, म्हणजे रस्ता किंवा पेव्हर ब्लॉकसाठी, ३० टक्क्यांपेक्षा आणि इतर काँक्रीटसाठी ४५ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे. लॉस एंजलिस झीज याच क्रमाने ३० आणि ५० टक्क्यांच्या आत असावी. कृत्रिम खडीसाठी विशिष्ट गुरुत्व २.१ ते ३.२, सल्फेट ०.५ टक्के, आम्लात विरघळणारे क्लोराइड ०.०४ टक्के आणि एकूण अल्कली ०.३ टक्के अशा मर्यादा आहेत. पाणी शोषण ५ टक्क्यांपर्यंत असावे. जुन्या काँक्रीटच्या खडीला, आधी भिजवून घेण्याच्या अटीवर, १० टक्क्यांपर्यंत सवलत आहे. ही सवलत पीसीसीत वापरावी. सळईच्या कामासाठी मी स्वतः ६ टक्क्यांच्या पुढची खडी घेणार नाही.

पाचवी पायरी : पाणी

आपल्या काळ्या बेसाल्टची चांगली खडी पाणी फारसे पीत नाही. तिचे शोषण बहुधा एक-दोन टक्क्यांच्या आत असते. जुन्या काँक्रीटच्या खडीवर जुन्या मॉर्टरचा थर असतो आणि तो सच्छिद्र असतो. ती कोरडी मिक्सरमध्ये टाकली की पहिल्या काही मिनिटांत मिश्रणातले पाणी ओढून घेते, माल घट्ट होतो, मजूर ओतायला कुरकुरतात आणि कोणीतरी कोणाला न विचारता बादली उपडी करतो. या खडीने काँक्रीट कमजोर होते अशी जी ओरड ऐकू येते, तिच्यातील बरीच या बादलीची असते.

शोषण कसे मोजतात ते एकदा स्वतः करून पाहावे. धुतलेली सुमारे दोन किलो खडी तारेच्या टोपलीत २४ तास पाण्यात बुडवून ठेवावी. बाहेर काढून सुती कापडावर पसरावी आणि प्रत्येक खडा फिरवून पुसावा. पृष्ठभागावरची पाण्याची चकाकी जाते, पण खडा ओलसर गडद दिसत राहतो. तो क्षण म्हणजे आतून भरलेली व बाहेरून कोरडी अवस्था. त्या क्षणी वजन करावे. समजा ते २०९० ग्रॅम आले. मग तीच खडी १०० ते ११० अंश तापमानाच्या ओव्हनमध्ये २४ तास वाळवून पुन्हा वजन करावे. समजा २००० ग्रॅम आले. फरक ९० ग्रॅम, म्हणजे शोषण ४.५ टक्के.

हा आकडा एका ढिगासाठी कायम राहतो, पण ढिगात प्रत्यक्ष किती ओल आहे हे रोज बदलते. ते मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. सकाळी ढिगाच्या आतून दोन किलोच्या आसपास खडी घ्यावी, इलेक्ट्रॉनिक काट्यावर वजन करावे, गॅसच्या शेगडीवर लोखंडी कढईत परतत वाळवावी आणि लागोपाठ दोन वजने सारखी येईपर्यंत थांबावे. २०२४ ग्रॅमची २००० ग्रॅम झाली, तर ओल १.२ टक्के. शोषण ४.५, ओल १.२, तेव्हा खडीची तहान अजून ३.३ टक्के बाकी आहे.

आता याचा परिणाम पीसीसीत पाहू. आयएस ४५६ च्या नाममात्र मिश्रणांच्या तक्त्यात एम-१० साठी सिमेंटच्या एका ५० किलोच्या पोत्याला एकूण ४८० किलो वाळू-खडी आणि जास्तीत जास्त ३४ लीटर पाणी दिले आहे. वाळू एक भाग व खडी दोन भाग धरली, तर खडी ३२० किलो. ती सगळी जुन्या काँक्रीटची आणि ३.३ टक्के तहानलेली असेल, तर साडेदहा लीटर पाणी एकटी खडीच पिऊन टाकते. चौतीसपैकी साडेदहा! असे मिश्रण कोणालाही ओतता येणार नाही, आणि मग बादलीचा हिशेब कोणी ठेवत नाही.

उपाय सोपा आहे. आदल्या दिवशी संध्याकाळी ढिगावर पाइपने किंवा स्प्रिंकलरने भरपूर पाणी मारावे, ढीग एकदा उलटा करून पुन्हा मारावे, वर ओले बारदान किंवा ताडपत्री टाकावी आणि सकाळपर्यंत जादा पाणी निथळू द्यावे. एप्रिल-मे मध्ये दुपारच्या वाऱ्याने वरचा थर पुन्हा सुकतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीनंतर एक हलका फवारा आणि ओलीची दुसरी मोजणी ठेवावी. जून ते सप्टेंबरमध्ये प्रश्न उलटा असतो; ढीग शोषणाच्याही पुढे भिजलेला असतो आणि खड्यांवरचे मोकळे पाणी मिश्रणात जादा जाते. कढईत ओल ६ टक्के निघाली आणि शोषण ४.५ असेल, तर वरचे दीड टक्का पाणी मिक्सरच्या पाण्यातून वजा करावे.

सहावी पायरी : मिश्रणाचा हिशेब

पीसीसी फर्म्याने मापून करत असाल, तर खडीचे हलकेपण आकारमानातच सामावते आणि फार हिशेब लागत नाही. सळईचे काम मात्र वजनानेच व्हायला हवे, आणि तिथे नवशिक्याची गफलत ठरलेली असते. बेसाल्टच्या खडीचे विशिष्ट गुरुत्व २.८५ धरले, तर जुन्या काँक्रीटच्या खडीचे २.४० च्या आसपास येते. म्हणजे तेवढ्याच वजनाला ती अधिक जागा व्यापते.

समजा, मिश्रणाचे प्रमाण ठरवण्याच्या आयएस १०२६२ या मानकाप्रमाणे केलेल्या एम-२५ मिश्रणात घनमीटरला ३७५ किलो सिमेंट, १८० लीटर पाणी आणि ११५० किलो बेसाल्टची जाड खडी आहे. पाणी-सिमेंट प्रमाण ०.४८ येते. ११५० किलो खडीने सुमारे ४०३ लीटर जागा व्यापली आहे. आता वीस टक्के बदल करायचा म्हणून ९२० किलो बेसाल्ट आणि २३० किलो नवी खडी टाकली, तर जागा ४१८ लीटर लागते. घनमीटरचा माल पंधरा लीटरने फुगतो आणि त्या प्रमाणात सिमेंट पातळ होते. योग्य रीत अशी की, जागा ४०३ लीटरच ठेवून वजन काढावे. ते एकूण सुमारे ११०८ किलो येते : बेसाल्ट ८८६ आणि जुन्या काँक्रीटची २२२ किलो. या २२२ किलोला ३.३ टक्के तहान असेल तर सुमारे ७ लीटर पाणी तिच्यासाठी वेगळे धरावे. ते न धरता कोणी पंधरा लीटरची एक बादली ओतली, तर उरलेले १७३ आणि हे १५ मिळून १८८ लीटर होतात, प्रमाण ०.५० ओलांडते आणि ‘मध्यम’ हवामानासाठी आयएस ४५६ ने घातलेली सीमा मोडते.

नंतर १० आणि २० मिमीची एकत्रित चाळणी पुन्हा तपासावी, कारण नव्या खडीने लहान-मोठ्या खड्यांचे जुने प्रमाण बिघडू शकते. मिश्रणात फ्लाय अॅश (कोळशाची राख) किंवा स्लॅग (भट्टीची मळी) असलेले सिमेंट वापरणे या खडीला मानवते. पाणी वाढवण्याऐवजी मिश्रण ढिले करणारे रसायन, म्हणजे प्लास्टिसायझर वापरावा, पण त्याची मात्रा याच खडीवर चाचणी करून ठरवावी.

सातवी पायरी : चाचणी मिश्रण

कामाआधी दोन मिश्रणे शेजारी-शेजारी करावीत, एक पूर्ण बेसाल्टचे आणि एक नव्या खडीचे, बाकी सर्व तेच ठेवून. स्लंप (साचा उचलल्यावर ताजे काँक्रीट किती खाली बसते ते माप) मिसळल्याबरोबर मोजावा आणि पुन्हा अर्ध्या तासाने, एका तासाने मोजावा. खडी नीट भिजली नसेल तर ते दुसऱ्या मोजणीत उघड होते. १५० मिमीचे क्यूब ७ आणि २८ दिवसांसाठी भरावेत. एम-२५ ला प्रमाण विचलन (निकालांतील चढ-उताराचे माप) ४ धरले, तर अपेक्षित सरासरी ३१.६ न्यूटन प्रति चौरस मिमी येते. नव्या मिश्रणाने ती गाठली पाहिजे. वीस टक्क्यांच्या आत सामर्थ्यातील घट सहसा थोडी असते. प्रमाण वाढत गेले की केवळ सामर्थ्यच नव्हे, तर ताठपणाही कमी होतो आणि सुकताना आकुंचन वाढते. मानकाने मर्यादा घातली आहे ती याच कारणांनी.

आठवी पायरी : मिसळणे, ओतणे, पाणी मारणे

मिक्सरमध्ये आधी दोन्ही खडी आणि वाळू मिनिटभर फिरवावी, मग निम्मे पाणी घालून आणखी मिनिटभर, नंतर सिमेंट घालून अर्धा मिनिट आणि शेवटी उरलेले पाणी घालून दोन मिनिटे फिरवावे. या दोन टप्प्यांच्या रीतीने सिमेंटचा लेप खड्याच्या सच्छिद्र पृष्ठभागात चांगला बसतो. वेळ थोडा अधिक जातो, पण मिक्सरवाल्याला एकदा सवय लागली की तो बिनबोभाट करतो. रेडी मिक्स प्लांटवर या खडीला स्वतंत्र बिन (माल साठवण्याचा कप्पा) द्यावी. चार बिनांच्या छोट्या प्लांटवर नदीची वाळू बंद होऊन केवळ एम-सँड (दगड फोडून केलेली वाळू) चालत असेल, तर मोकळी झालेली बिन याच कामी येते.

ओतणे आणि व्हायब्रेटर मारणे नेहमीसारखेच. पाणी मारण्यात मात्र कसूर नको. साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅगच्या सिमेंटला किमान दहा दिवस पृष्ठभाग सतत ओला ठेवावा. सकाळ-संध्याकाळ एकेक पाइप फिरवून जाणे म्हणजे ओला ठेवणे नव्हे. आकुंचन अधिक असल्याने या काँक्रीटच्या वाटांना आणि कोब्याला सांधेही थोडे जवळ द्यावेत.

नववी पायरी : कागद आणि हिशेब

पाडकामाच्या राडारोड्याविषयीचे केंद्राचे नियम २०१६ मध्ये आले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पातून महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा निघत असेल, तर काँक्रीट, माती, विटा-मॉर्टर आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगळे करण्याची जबाबदारी त्यांनी निर्माण करणाऱ्यावर टाकली. २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या आणि १ एप्रिल २०२६ ही लागू होण्याची तारीख असलेल्या नव्या नियमांत २०,००० चौरस मीटर व त्याहून अधिक बांधीव क्षेत्राच्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी आणखी वाढवली आहे. छोट्या घराच्या पाडकामाला हे आकडे लागू होत नसले, तरी महापालिका किंवा नगरपालिकेने ठरवलेल्या जागेशिवाय राडारोडा टाकता येत नाही. नियम केंद्राचे असल्याने कागल-निपाणीच्या दोन्ही बाजूंना ते सारखेच आहेत, पण अंमल आणि परवानगी ज्या त्या राज्याच्या स्थानिक संस्थेची असते. तेव्हा सीमेपलीकडून माल आणताना स्रोताच्या साइटचे पत्र, वजनकाट्याची पावती आणि कामाच्या जागेचा पत्ता चालकाजवळ द्यावा.

पैशाच्या बाबतीत स्वप्ने पाहू नयेत. वेगळे करणे, फोडणे, चाळणे, तपासणे, भिजवणे या सर्वांचा खर्च मांडला, तर ही खडी खाणीच्या खडीपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. जिथे पाडकाम आणि नवे बांधकाम एकाच आवारात आहे, तिथे मात्र राडारोडा बाहेर नेण्याच्या आणि खडी आत आणण्याच्या अशा दोन्ही खेपा वाचतात. अशा जागी ही खडी वापरणे श्रेयस्कर असल्याचे मानकानेही नमूद केले आहे.

प्रत्येक बॅचच्या चिठ्ठीवर खडीचा ढीग क्रमांक, त्या सकाळची ओल, वापरलेली टक्केवारी, मोजून घातलेले पाणी आणि स्लंप लिहावा व ग्राहकाला देण्याच्या चलनावर ‘जुन्या काँक्रीटची खडी, इतके टक्के’ असा स्पष्ट उल्लेख करावा. ग्राहकाला न सांगता ही खडी घालणे, मिश्रण कितीही चांगले असले, तरी करू नये. आणि त्याने नको म्हटले, तर तो माल पीसीसीसाठी बाजूला ठेवावा.